धुण्याच्या दगडाशेजारचा तांब्याचा पत्रा

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिलेले नाही, आणि पाहाल असे वाटतही नाही. मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे. वसईतल्या एका केळीच्या वाडीत, धुण्याच्या दगडाशेजारी, माणूस उभा मावेल इतक्या खोल खड्ड्यात मी पुरलेला आहे.

दुकानातले माझे सोबती हंडे आणि घंगाळे व्हायला गेले. सणासुदीला चिंचेने घासून घ्यावे, लखलखावे, अशी माझीही फार इच्छा होती. पण मला घेतले या वाडीच्या सुनेने, डेल्फिनने, आणि थेट गोठ्यात आणून भिंतीला टेकवले. नशीबच फुटले म्हणायचे!

गोठा रिकामा होता. विहिरीवरचा रहाट जाऊन विजेचा पंप आला, तेव्हा रहाटाचा बैलही गेला. गावोगावच्या वाड्यांत आता पंप बसत होते. मोटार जळली की ती मुंबईला न्यावी लागे आणि तोवर इकडे केळी सुकत. डेल्फिन लग्नाआधी गोरेगावच्या एका कारखान्यात मोटारीला तारा गुंडाळण्याचे काम करी. याच गोठ्यात मोटारी दुरुस्त करायच्या, असे तिने मनाशी पक्के केले होते.

तिने घाई केली नाही. जमिनीवर करवंट्या मांडून ती बसे. ही ड्रिल मशीन, ही ग्राइंडर, हा वार्निश सुकवायचा हीटर. यांतले एकाच वेळी काय काय चालेल, याचा अंदाज घेऊन तिने तारेची जाडी ठरवली. घरापासून गोठा लांब, म्हणून तार आणखी जाड घेतली. झावळ्या पडतात तिथून ती न नेता बांधाच्या कडेने न्यायची आणि मेन स्विच गोठ्याच्या दारातच बसवायचा, म्हणजे वेळ आली तर घराकडे धावायला नको, हेही ठरले. आचोळ्याहून सायकलवर येणारा वायरमन हरेश्वर सगळ्याला हो म्हणाला. फक्त माझ्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालावे लागेल, असे त्याने सांगितले, आणि तिथेच घोडे अडले.

मित्रांनो, माझे काम सोपे आहे. यंत्रातली वीज कधी चुकून बाहेरच्या लोखंडात उतरते. तिला जमिनीत जायला मी वाट देतो, आणि फ्यूज उडतो. ही वाट नसली तर वीज हात लावणाऱ्या माणसातून जाते. पण भोवतीची माती ओली असेल तरच मी कामाचा. मीठ ती ओल धरून ठेवते.

डेल्फिनचे सासरे निकोलसबाबा. शेजारच्या वाडीची विहीर खारी झाली तेव्हा तिथल्या केळी उभ्याउभ्या पिवळ्या पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. मीठ म्हणताच ते गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर या वाडीत मिठाचा खडा पुरू देणार नाही," ते म्हणाले. त्या संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेलाही ते सुनेशी न बोलता बसले.

हरेश्वरने तोडगा काढला. "वहिनी, मीठ राहू दे. वायर विहिरीच्या पाइपाला बांधतो. पानी हायेच तिथं. कोन बघतंय?"

"त्या विहिरीवर आमची माणसं पाणी भरतात," डेल्फिन म्हणाली. "कारखान्यात माझ्या शेजारणीचा हात मशीनला चिकटलेला मी पाहिलाय. ती वाचली नाही. अर्थिंग नीट झाल्याशिवाय मला लाइट नको."

झाले! मेन स्विच कागदात गुंडाळलेलाच राहिला. मीही भिंतीशी धूळ खात पडलो. सासरा हटेना आणि सूनही हटेना. मला तर दोघांचेही पटत होते, पण पत्र्याला कोण विचारतो?

शेवटी एका सकाळी डेल्फिन निकोलसबाबांपुढे जाऊन उभी राहिली. भांडायला नव्हे, विचारायला.

"बाबा, ही माती तुमच्याइतकी कोणाला ठाऊक नाही. आपल्या वाडीत काहीच उगवत नाही, अशी जागा कुठे आहे?"

म्हातारा काठी टेकत तिला गोठ्यामागे घेऊन गेला. तिथे धुण्याचा दगड होता. विहिरीपासून दूर, उताराला. वर्षानुवर्षे सोड्याचे, साबणाचे पाणी पिऊन तिथली माती मेली होती, गवताची काडीही धरत नव्हती, आणि रोजच्या धुण्यामुळे कधी सुकतही नव्हती.

"इथे पूर तुझं मीठ," ते म्हणाले, आणि स्वतःच पहिली कुदळ मारली.

रोप धरावे तसे त्यांनी मला उभे धरले. कोळसा, मीठ, माती पडत गेली. पाणी घालायला एक नळी वर काढली, आणि माझा उजेड संपला. त्या नळीतून मला वरचे ऐकू येई. नंदाखाल, आगाशी, कुठून कुठून मोटारी येत. लोक डेल्फिनच्या हाताची वाहवा करत. माझे नाव कोणी काढत नसे. थोडे वाईट वाटे, खोटे का बोलू?

पुढे घरात नळ आला, न्हाणीघर आले. दगडावरचे धुणे थांबले. नळीत पाणी घालायचे कामाच्या धबडग्यात डेल्फिनही विसरली. त्या उन्हाळ्यात माझ्याभोवतीची माती तडकली. आणि एके दुपारी मोटारीतली वीज बाहेरच्या लोखंडात उतरली. मला ती कळत होती, पण वाट देता येईना. डेल्फिनच्या हाताला झटका बसला आणि ती मागे फेकली गेली. मी जमिनीखाली नुसता तळमळलो.

तिने उठून दारातला मेन स्विच पाडला. निकोलसबाबा धावत आले. तिचा हात हातात घेऊन त्यांनी नीट पाहिला. मग तडक विहिरीवर गेले, आणि एकामागून एक कळशी माझ्या नळीत ओतू लागले.

"बाबा, राहू द्या, मी घालते," डेल्फिन म्हणाली.

"मी लावलंय ते," ते म्हणाले. "वाडीत लावलेलं काही तहानलेलं राहता कामा नये."

त्यानंतर केळींना पाणी सोडले की रोज एक कळशी माझी असे. आता बाबा नाहीत. ती कळशी डेल्फिन आणते.

मित्रांनो, तुमच्या घरामागेही सिमेंटच्या झाकणाखाली माझा एखादा भाऊ असेल. त्याला पान फुटणार नाही, फळ धरणार नाही. तरी त्याला पाणी घाला. तो तुमच्या घरच्या माणसांसाठी लावलेला आहे.