जुन्या डीपीचा सूर

गोटीरामची तबकडी निघाली नाही.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. वाल्मीकनेही ते ऐकलं नाही असं ठरवून टाकलं आहे, आणि मळ्यात तर ते अजून पोहोचलेलंच नाही. तेव्हा तबकडी निघणार आहे. जर्मनीत. तीनशे प्रती, जाड, काळ्याकुळकुळीत, कव्हरवर गोटीरामचा फोटो. निघणार म्हणजे निघणार.

तर २००७ सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे झेंडूवाल्याला नाव विचारलं तरी तो भाव सांगतो त्या दिवशी, नाशकाच्या फुलबाजारात वाल्मीकचा मोबाइल वाजला. वाल्मीक हा गोटीरामचा मुलगा. बी.ए.ला इंग्रजी घेऊन दोनदा नापास, आणि त्यामुळे मखमलाबादकडच्या मळ्यांमध्ये इंग्रजीचा सगळ्यात मोठा जाणकार. बाकीच्यांची तिच्याशी एकदाही गाठ पडली नव्हती.

पलीकडे डिटमार नावाचा जर्मन होता. त्याने आधी कारभारीतात्यांच्या घरी फोन लावला होता. कारभारीतात्या म्हणजे मळ्याचे शेजारी आणि एका जुन्या बँजो पार्टीचे मालक. त्यांनी इंग्रजी ऐकून तीनदा "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला आणि चौथ्यांदा कंटाळून वाल्मीकचा नंबर दिला.

"गोटीराम तुमचे कोण?" डिटमारने विचारलं.

"वडील."

"ते हयात आहेत?"

"सकाळी तरी होते," वाल्मीक म्हणाला. "का?"

डिटमार गहिवरला. ओळखीच्या एका बाईने १९९१च्या कुंभमेळ्यात रामकुंडावर भजनांची म्हणून एक कॅसेट घेतली होती. ती निघाली गोटीरामची. बाईने आपला टेपरेकॉर्डर बिघडला असं समजून तो दोनदा दुरुस्तीला टाकला. मग कॅसेट डिटमारकडे आली. जगात कुणीही न ऐकलेलं संगीत शोधायचं, त्याची तबकडी काढायची, ती तीनशे जणांना विकायची आणि बाकीच्यांना हळहळत ठेवायचं, असा त्याचा धंदा होता. यापूर्वी त्याने एका आफ्रिकन बस कंडक्टरचा सिंथेसायझर आणि एका बल्गेरियन दंतवैद्याचा इलेक्ट्रॉनिक ढोल काढला होता. दंतवैद्य जोरात चालला होता.

"तुमच्या वडलांचा सूर घसरतो, थरथरतो, पुन्हा वर चढतो," तो म्हणाला. "आमच्याकडे हे करायला लोकांना भिंतभर यंत्रं लागली. त्यांनी हे कशावर केलं?"

"विचारून सांगतो," वाल्मीक म्हणाला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला चुकून इंग्रजीत भाव सांगितला.

अडचण एकच होती. कॅसेटची दुसरी बाजू बाईच्या टेपरेकॉर्डरने खाल्ली होती. मूळ रेकॉर्डिंगची स्पूल मिळाली, तर उन्हाळ्याच्या आत तबकडी.

आता गोटीरामला मळ्यात कुणी गोटीराम म्हणत नसे. डीपी म्हणत. बांधावर दोन खांबांमध्ये उभी असते, गुणगुणते आणि ऐन सणाला उडते, ती विजेची डीपी. गोटीराम पूर्वी कारभारीतात्यांच्या पार्टीत ऑर्गन वाजवायचा. भद्रकालीतल्या एका रेडिओवाल्याने तीन मोडक्या ऑर्गनांचा मिळून बनवलेला एक ऑर्गन त्याच्याकडे होता. त्यावर घरी बसून त्याने स्वतःचं असं काहीतरी वाजवलं आणि पार्टीच्या स्पूलवर भरलं. त्याच्या थोड्या कॅसेटी निघाल्या, त्या तात्यांनी वर गोटीरामचं नाव आणि आपल्या घरचा फोन नंबर टाकून, भजनांच्या ढिगात घुसडून कुंभमेळ्यात खपवल्या. मग देवळ्याच्या एका लग्नात, नवरी मांडवात येताना, गोटीरामला राहवलं नाही. त्याने आपलं ते वाजवलं. सूर असा काही घसरला की नवऱ्याच्या मामाने वायरमनला बोलवायला माणूस पाठवला. वऱ्हाड पंगतीतून उठून मांडवाबाहेर पळालं. परतीच्या टेम्पोत तात्या म्हणाले, "आजपास्नं तू डीपी." आणि पार्टीतून काढलं ते वेगळंच.

त्या दिवशी गोटीरामने ऑर्गनवर गोणपाट टाकलं. पंधरा वर्षं झाली. पिठाच्या गिरणीत डीपी, सोसायटीत डीपी, वाल्मीकच्या साखरपुड्याच्या पत्रिकेवर कुणीतरी पेनाने कंसात डीपी. साखरपुडा पुढे मोडला, पण त्याचा याच्याशी संबंध नाही असं सगळे म्हणतात.

वाल्मीकने घरी सगळं सांगितलं तेव्हा मालनबाई, म्हणजे त्याची आई, ओटीवर दसऱ्याची तोरणं ओवत होती.

"तबकड्या? आता?" ती म्हणाली. "त्या तर कवाच मेल्या."

"तिकडं जुनं परत नवीन काढतात, आई."

"मग माझं शिलाई मशीन बी घाल त्यांच्या गळ्यात."

"तू ते सोड. नानांची स्पूल कुठंय? मोठी फिरकी, तपकिरी पट्टीची?"

मालनबाईची सुई झेंडूत थांबली. "ती? ती म्या बागंला बांधली."

द्राक्षबाग करणाऱ्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मणी गोड व्हायला लागले की बुलबुल आणि साळुंक्या येतात. मग जुन्या कॅसेटींची पट्टी काढून तारांवरून ताणायची. ती उन्हात चमकते, वाऱ्यावर भणभणते, आणि पाखरं लांब राहतात. गावोगावची भजनं, भावगीतं आणि वरातीची गाणी नाशिकच्या बागांनी अशीच संपवली आहेत.

"कॅसेटीपेक्षा रुंद व्हती ना," मालनबाई म्हणाली. "दोन हंगाम टिकली. असा आवाज करायची की पाखरू बांधावर बी टेकत नव्हतं."

गोटीराम कोपऱ्यात पान लावत होता. "बघ," तो म्हणाला. "पाखरांनीसुद्धा मध्येच उठून जायचं ठरवलं."

तरी बापलेक बागेत गेले. दोन ओळी हिंडल्यावर एका खांबाला वीतभर तुकडा सापडला. ऊन खाऊन पांढरा पडलेला, गाठ मात्र पक्की.

पुढच्या फोनवर डिटमारने विचारलं, "स्पूल कशा अवस्थेत आहे?"

"जरा उतरलीय."

"कुठे ठेवली होती?"

"बाहेर."

"कशाच्या बाहेर?"

"सगळ्याच्याच," वाल्मीक म्हणाला.

जर्मनी स्वतःशीच जर्मनमध्ये काहीतरी बोलली. मग डिटमार म्हणाला, दुसरी बाजू पुन्हा वाजवा. तोच ऑर्गन, तीच जागा. मार्चपर्यंत थांबतो.

गोटीराम आधी नाही म्हणाला. मग त्याने दोन पानं खाल्ली. मग त्याने उठून गोणपाट काढलं. आत उंदरांनी संसार मांडला होता, तो त्याने फडक्यात गुंडाळून बांधावर नेऊन ठेवला. आठवडाभर तो जुन्या टूथब्रशने पट्ट्या घासत बसला. घासताना गुणगुणायचा. हे वाल्मीकने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मालनबाईनेही ऐकलं, पण तिने फक्त भाजीला फोडणी जरा हळू दिली.

"वाल्मीक," गोटीराम मध्येच म्हणायचा, "त्या कव्हरावर नाव पूर्ण टाकतात का रे? बापाच्या नावासकट?"

"पूर्ण, नाना."

"मग तात्याला एक आणून देऊ. वाचंल तरी."

एका संध्याकाळी ऑर्गनची पिन लावली. गोटीरामने एक पट्टी दाबली. सूर एकदम बरोबर लागला.

गोटीरामचा चेहरा उतरला.

"काय झालं? चांगला तर वाजतोय," वाल्मीक म्हणाला.

"तेच ना."

मग त्याने सांगितलं. त्या काळी या भागातल्या सगळ्या विहिरींच्या मोटारी एकाच जुनाट डीपीवर होत्या. लाइट आली रे आली की ऑटो स्विचवर सगळ्या एकदम उठायच्या आणि विजेचा दाब धाडकन पडायचा. बल्ब लाल व्हायचा, ऑर्गनचा सूर खाली घसरायचा. मग एकेकाचं पाण्याचं भरणं संपेल तसा तो वर चढायचा. धोंडाबाईची गिरणी सुरू झाली की त्याला कापरं भरायचं. कुणाची मोटार कधी लागते, कधी सुटते, हे गोटीरामला पाठ होतं आणि तो त्या हिशेबाने बोटं ठेवायचा. कारभारीतात्यांनी उसाला पाणी सोडलं की पंचम आपोआप खाली येऊन बसायचा.

"आणि आता?"

"आता नवी डीपी हाय. २००१ला बसली. वर्षानुवर्षं अर्ज केले आपण सगळ्यांनी, दाब वाढवून द्या म्हणून." गोटीरामने पट्टीवरचं बोट उचललं. "पहिली सही माझीच व्हती."

वाल्मीकने हार मानली नाही. त्याने माजघरातल्या पंख्याचा रेग्युलेटर काढून ऑर्गनला जोडला. सूर खाली आला आणि तिथेच बसला, रुसलेल्या जावयासारखा. घसरेना की चढेना. थोड्या वेळाने आतून करपल्याचा वास आला, म्हणून पिन काढली. पंखा मात्र त्या दिवसापासून एकाच वेगाने फिरतो, त्याला कुणी काही बोलत नाही.

मग तो कारभारीतात्यांकडे गेला.

"तात्या, उद्या संध्याकाळी तुमची मोटार लावायची. सगळ्यांनीच लावायची, एकदम."

"माझं ठिबक हाय आता. भरणं कुणाला द्यायचंय?"

"भरणं नाही, तात्या. रेकॉर्डिंग."

तात्यांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "डीपी बरा हाय ना?"

वाल्मीकने सगळं सांगितलं. तात्यांनी विचार केला. "माझं नाव टाकतील?"

"कशात?"

"तबकडीत. मोटार माझीच, ना? पाच हॉर्सपॉवर, लिहायला सांग."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळे तयार होते. जे ते आपापल्या विहिरीवर स्टार्टरपाशी. धोंडाबाईकडे दळण नव्हतं, म्हणून तिने झालेलं पीठच पुन्हा गिरणीत ओतलं. ऑर्गनपाशी वाल्मीकने उसना टेपरेकॉर्डर ठेवला. गोटीरामने अंगात इस्त्रीचा शर्ट घातला होता, टेपरेकॉर्डरला तो दिसणार नसला तरी. त्याने पट्टी दाबली, वाल्मीकने ओटीवरून पंचा हलवला, आणि बांधाबांधावर मोटारी उठल्या. घूं करून सगळा मळा हादरला. धोंडाबाईची गिरणी खडखडली. विहिरींतलं पाणी पाटात, पाटातलं वाटेवर, वाटेवरचं मालनबाईच्या झेंडूत.

ऑर्गनचा सूर जागचा हलला नाही. सरळ, स्वच्छ, शासकीय. बल्बनेसुद्धा डोळा मिचकावला नाही.

हळूहळू लोक मोटारी बंद करून ओटीपाशी जमले. गोटीरामचं बोट अजून पट्टीवरच होतं.

"डीपी लय भारी बसवलीय," कुणीतरी म्हणालं, आणि मग आपण कुठल्या डीपीबद्दल बोललो ते आठवून खाली पाहायला लागलं.

तात्या पायरीवर बसले. "म्हणजे तवाचा तो आवाज आमच्या मोटारींचा व्हता व्हय रे?"

"हां," गोटीराम म्हणाला.

"आन देवळ्याच्या लग्नात? तिथं तर आमची मोटार नव्हती."

"मांडवामागं गिरणी व्हती. पंगतीचं दळण चाललं व्हतं."

तात्यांनी वळून आपल्या विहिरीकडे पाहिलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते काहीतरी चांगलं बोलतील असं वाल्मीकला वाटलं.

"तरी बी लय बेकार वाजायचं," तात्या म्हणाले आणि घरी गेले.

गोटीराम मात्र उठला नाही. त्या संध्याकाळी नाही, आणि त्यानंतरच्या कुठल्याच नाही. रोज दिवेलागणीला तो पिन लावतो, एक पट्टी दाबून धरतो आणि बल्बकडे बघत बसतो. कधी तरी दाब पडेल. नव्या डीपीलाही वय होतंच की.

मार्चमध्ये द्राक्षं निघाली तेव्हा डिटमारचा फोन आला. वाल्मीक फुलबाजारातच होता. डिटमार फार हळू आणि फार चांगलं बोलला. अर्ध्या तबकडीला गिऱ्हाईक नाही, त्याला खेद वाटतो, त्या जागी दंतवैद्याचा दुसरा भाग निघतोय. वाल्मीक "थँक यू" म्हणाला. मग "सेम टू यू" म्हणाला. मग लाइन कटल्यावरही फोन कानाला लावून उभा राहिला, कारण कानावरून हात काढला असता तर ते खरं झालं असतं.

घरी आला तेव्हा ऑर्गन चालू होता. तोच एक सूर.

"फोन आला व्हता का रे?" गोटीरामने न बघता विचारलं.

"रेंज नव्हती, नाना."

"येईल. ती लोकं शब्दाची पक्की असतात." त्याने पट्टीवरून बोट काढलं. "कागद घे. अर्ज लिहू. अर्ज केल्याबिगर इथं काही होत नाय. नवी डीपी बी अर्जानंच आली."

वाल्मीकला तिथेच सांगता आलं असतं. पण गोणपाट मालनबाईने धुऊन, घडी करून कोनाड्यात ठेवलं होतं, ते त्याला समोरच दिसत होतं. त्याने पेनाचं टोपण काढलं.

"माझ्या बागंचं नाव नका घालू त्यात," मालनबाई चुलीपाशी बसून म्हणाली.

गोटीराम सांगत गेला, वाल्मीक शुद्ध करून लिहीत गेला.

प्रति, मा. उपअभियंता साहेब, वीज कार्यालय.

विषय: मळ्यातील विजेचा दाब पूर्ववत कमी करून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयी अर्ज करतो की, आपण आमच्या मळ्यात नवीन डीपी बसवली याबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि तेव्हापासून सूर हलत नाही व त्यामुळे जर्मनी देशातील काम खोळंबले आहे. तरी दररोज दिवेलागणीस अर्धा तास विजेचा दाब पूर्वीप्रमाणे कमीजास्त करण्यात यावा; ते शक्य नसल्यास आमची जुनी डीपी भंगारातून शोधून, आहे त्या बिघाडासह, मूळ जागी बसवून मिळावी; आणि यापुढे अर्जदारास कोणीही डीपी या नावाने हाक मारू नये, असे लेखी आदेश आपल्या स्तरावरून संबंधितांस व्हावेत, ही नम्र विनंती.