सपाट तोंडाचा मॉनिटर

इनामगावच्या हौसरावांची निवड आयुष्यात कधी चुकली नव्हती. निदान ते स्वतः तसं सांगत, आणि ऐकणारे फारसे हरकत घेत नसत. मेंढ्याच्या पाठीवर नुसता पंजा दाबला की आत मांस किती आणि लोकरीचा फुगारा किती, हे त्यांना कळायचं. जबडा उघडून दात बघितले की वय कळायचं. पण पाच वर्षांपूर्वी त्यांनी कळप विकला आणि रानात ऊस लावला. उसाचे दात काही बघावे लागत नाहीत, त्यामुळे हौसरावांच्या पंजाला काम उरलं नाही. सकाळी उठायचं, ओट्यावर बसायचं आणि जेवण कधी होतंय याची वाट बघायची, असा त्यांचा दिवस झाला होता.

अशात दोन हजार चारच्या दिवाळीत त्यांच्या मुलानं, इंद्रजीतनं, व्हिडिओ गेम आणला. तो रांजणगावला कंपनीत होता. बोनसच्या भरात त्यानं पुण्यातून ते डबडं उचललं, आठ दिवस खेळला, मग शिफ्ट बदलली आणि गेम कपाटावर गेला. तिथून तो सायलीनं, त्याच्या बायकोनं, खाली काढला.

सायली वरवंडची. लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि या वर्षात ती सासऱ्याशी दोनच वाक्यं बोलली होती. एक "चहा ठेवू का" आणि दुसरं "वाढू का". हौसरावांचीही उत्तरं दोनच होती, "व्हय" आणि "नगो". एका दुपारी मात्र तिनं पदर सावरत तिसरं वाक्य काढलं.

"मामा, दुसरा रिमोट धरता का? एकटीला मजा येत न्हाई."

त्यांनी धरला. आणि मग सोडला नाही. दोघांनी मोटारी पळवायच्या असा तो खेळ होता. पडद्याचे वरखाली दोन भाग व्हायचे. वरच्या भागात सायलीची लाल मोटार, खालच्यात हौसरावांची निळी. वळण आलं की हौसराव अख्खे वळायचे. एकदा तर डावीकडे एवढे कलंडले की पाण्याचा तांब्या लवंडून बसले. मोटार रस्ता सोडून गवतात शिरली की तोंडानं "हिर्रर्र, हिर्रर्र" करून तिला वळवायला बघायचे, आणि सायली हसून हसून लोटपोट व्हायची. खेळता खेळता ती बोलायची. वरवंडला केलेला कॉम्प्युटरचा क्लास, तिथली मैत्रीण पूनम, पूनमचा विसराळू नवरा, सगळं सांगायची. हौसरावांना पूनमचा नवरा प्रत्यक्ष न बघता आवडू लागला होता. खरं सांगायचं तर ते सकाळपासून त्या दोन तासांची वाट बघायचे.

अडचण एवढीच की घरात टीव्ही एक आणि साखरबाईंच्या मालिकाही त्याच दुपारी. साखरबाई, हौसरावांची बायको, वर्षभर कशालाही नाही म्हणायच्या नाहीत, पण एकदा म्हणाल्या की देवालाही बदलता यायचं नाही.

"उद्या माझा भाऊ यायचाय," त्या म्हणाल्या. "आजच्या आज दुसरा पडदा आणा. न्हाईतर हे डबडं मी त्याच्या हातानं केंदूरला धाडून देते. त्याची पोरं खेळतील. त्यांचं वय तरी हाय."

शिवाय तो टीव्हीही म्हातारा झाला होता. खालचा अर्धा भाग बरा दिसायचा, पण वरच्या भागात सगळं धुकं. स्वतःची मोटार बघणं सायलीलाच जमायचं, हौसराव तिकडे बघायच्या भानगडीतच पडत नसत.

तेव्हा सासरा आणि सून दौंडला निघाले. गावात सांगायला कारण तयार होतं, सूनबाईला कॉम्प्युटर शिकायचाय. पासष्टीचा माणूस दुपारभर मोटारी पळवतो हे कळलं असतं, तर पारावर महिनाभर दुसरा विषय निघाला नसता.

जीपमध्ये सायलीनं सांगितलं, की टीव्ही घेण्यापेक्षा कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर घ्यावा, सतरा इंची, सपाट तोंडाचा. सोबत एक डबी मिळते. ती जोडली की त्यावर गेमही चालतो आणि टीव्हीही दिसतो. चित्र म्हणाल तर एकदम लख्ख.

"ते तू बघ," हौसराव म्हणाले. "पण सौदा मी करनार. ध्यानात ठेव, बाजारात जे आवडलं त्याच्याकडं बघायचं न्हाई. बघितलंच तर नाक मुरडायचं. आन् जे नगो हाय, त्याच्या गळ्यात पडायचं. मंग पाहिजे त्याचा भाव उतरतो."

"पण मालकाला कळत न्हाई व्हय?"

"न कळायला काय झालं? त्यो बी तेच करतो. सगळ्यांना सगळं कळतंय, तवा तर सगळे खोटं बोलत्यात."

सायलीनं यावर थोडा विचार केला आणि मान हलवली. एवढ्या मोठ्या विद्येत आपण न पडलेलं बरं, असं तिनं ठरवलेलं दिसलं.

दुकान दौंड स्टेशनाच्या अंगाला होतं. दुकानदार रविराज तरणाबांड, सरळ आणि कामसू होता. त्यानं जन्मात जनावरांचा बाजार बघितला नव्हता, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. आत गेल्या गेल्या सायली खोकली आणि हळूच म्हणाली, "मामा, त्यो खालच्या फळीवरचा."

हौसरावांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. सपाट तोंडाच्या त्या पडद्यावर मासे पोहत होते, आणि माशाच्या अंगावरचा एकेक खवला वेगळा मोजता येत होता. हौसरावांच्या छातीत धडधडलं. चांगला मेंढा बघितल्यावर व्हायची, तशीच धडधड. पाच वर्षांत ती पहिल्यांदाच झाली.

त्यांनी लगेच त्याच्याकडे पाठ केली आणि कोपऱ्यातल्या एका अवाढव्य लाकडी टीव्हीकडे झेपावले.

"वा! ह्याला म्हनत्यात टीव्ही!" त्यांनी त्याच्या पाठीवर पंजा दाबला. "काय अंग हाय! काय हाड हाय!"

"आबा, तो विकायचा नाही," रविराज म्हणाला. "दुरुस्तीला आलाय. मालक न्यायला आलाच नाही."

"मग काय झालं? चालतो न्हवं?"

"आवाज येतो. चित्र येत नाही."

"आवाज तर येतो!" हौसराव मागे हटणारे नव्हते. मग अगदी सहज दिसल्यासारखं करून ते मॉनिटरकडे वळले. "आन् ह्ये काय? तोंड बघा ह्याचं, कुनी थोबाडीत मारल्यागत सपाट. आन् मागं हे कुबड! फुकट दिलं तरी दारात उभं करायचो न्हाई मी."

जनावरांच्या बाजारात यावर मालकानं शपथा घातल्या असत्या, पागोटं आपटलं असतं, आणि सौद्याला तोंड फुटलं असतं. रविराजनं तसलं काहीच केलं नाही. त्याला मनापासून वाईट वाटलं.

"नसेल आवडत तर राहू द्या आबा," असं म्हणून त्यानं मॉनिटर बंद केला आणि त्यावर फडकं टाकलं.

हौसराव त्या फडक्याकडे बघतच राहिले. आता पुढची चाल काय, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात खोक्यांच्या उतरंडीमागून आवाज आला.

"झाकू नगो रं. त्योच मला बांध."

हौसरावांनी तो लगेच ओळखला. आवाज म्हस्कूचा होता. वरवंडचा हा म्हस्कू त्यांच्याच धंद्यातला, पण मेंढराचे दात बघायची विद्या तो कधी शिकलाच नव्हता. त्याला गरजच पडली नाही. तो बाजारात हौसरावांच्या मागं मागं चालायचा, आणि ते ज्याला सगळ्यात जास्त शिव्या देतील तो मेंढा घ्यायचा. त्यावर त्यानं माडी बांधली होती.

"हौसआबांनी इतकी नावं ठेवली, म्हंजी माल एक नंबर," म्हस्कू बाहेर येत म्हणाला. "पन ह्ये हाय काय?"

"मॉनिटर," रविराज म्हणाला. "डबी जोडली की टीव्ही."

"बास. मळ्यातल्या खोलीवर टीव्ही पाहिजेच होता."

"असला दुसरा असंल की," हौसराव जांभई देत म्हणाले. जांभई नीट आली नाही.

"एकच होता आबा. पण तुम्ही काळजी करू नका." रविराजनं फोन उचलला. "तुम्हाला तो लाकडी एवढा आवडलाय, तर त्याच्या मालकाला विचारतो विकतो का."

एकीकडे म्हस्कू मॉनिटरवरचं फडकं काढतोय, दुसरीकडे रविराज नंबर फिरवतोय, आणि मध्ये तीन तालुक्यांत नाव असलेला पारखी उभा. हौसरावांनी वळून सुनेकडे बघितलं. सायली दाराशी पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"ऱ्हाऊ द्या मामा," ती म्हणाली. "जाऊ द्या गेम केंदूरला. मला बी घरात कामं असत्यातच."

ती रागानं बोलली नव्हती, म्हणून हौसरावांना जास्त लागलं. उद्यापासून परत "चहा ठेवू का". परत "नगो". पूनमच्या नवऱ्याचं पुढं काय झालं, ते कधीच कळणार नाही. त्यांना एकाएकी त्या रिकाम्या ओट्याची भीती वाटली.

"म्हस्कू," ते म्हणाले, "त्यो मॉनिटर मला पाहिजे."

म्हस्कूचा फडक्यावरचा हात थांबला. "काय म्हनला?"

"मला पाहिजे. मी नावं ठेवली ती खोटी. ह्या दुकानात त्याच्याइतका चांगला दुसरा पडदा न्हाई."

म्हस्कूच्या कपाळावर आठ्या पडल्या. चाळीस वर्षांत हौसआबांनी भर बाजारात एकाही मालाला चांगलं म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. तो मॉनिटरपासून अर्धं पाऊल मागं सरला.

"आबा, तुम्ही चांगलं म्हनताय?"

"म्हनतोय."

"म्हंजी कायतरी खोट हाय त्याच्यात."

"काय बी खोट न्हाई! अरं, मला गेम खेळायचाय त्याच्यावर. मी खेळतो. रोज दुपारी, सुनंबरोबर. मोटारी पळवितो आम्ही."

रविराजनं फोन खाली ठेवला. म्हस्कूनं हौसरावांकडे बघितलं, सायलीकडे बघितलं, मग परत हौसरावांकडे. पासष्टीचे हौसआबा, ज्यांच्या एका हाकेवर शंभर मेंढरं थांबायची, ते म्हणे सुनेबरोबर मोटार मोटार खेळतात!

"आबा," तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "मला फसवायचं तर जरा पटंल असं तरी सांगायचं."

"खरं सांगतोय रं! वर्षभर पोरगी माझ्याशी बोलली न्हाई. आता बोलती. त्या खेळामुळं बोलती. तेवढ्यासाठी पाहिजे मला."

बोलून गेल्यावर हौसरावांचे कान तापले. सायलीकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. म्हस्कूची मात्र आता खात्रीच पटली. चारचौघांत असलं लाजिरवाणं खोटं ज्या मालासाठी सांगावं लागतंय, तो माल आतून पार सडका असणार. आपल्या गळ्यात मारायचा डाव आहे हा.

"मला नगो," तो मॉनिटरपासून चांगला लांब गेला. "तुम्हीच घ्या. पन मंग आबा, ह्या दुकानात खरंच चांगलं काय हाय?"

"त्योच," हौसराव म्हणाले.

म्हस्कूनं हात जोडले आणि काहीही न घेता दुकानाबाहेर पडला. वरवंडपर्यंत त्याचं डोकं भणभणत असणार. हौसरावांनी रविराजनं सांगितली ती किंमत एका शब्दाचीही घासाघीस न करता दिली. रविराजला त्याचंही वाईट वाटलं, आणि त्यानं एक वायर फुकट दिली.

परतताना जीपमध्ये मॉनिटर घोंगडीत गुंडाळून हौसरावांच्या मांडीवर होता. पाय बधिर झाले तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही. सायली सबंध वाट बाहेर बघत बसली. लोकांसमोर नको ते बोलून आपण तिला लाजवलं, असं त्यांना वाटत राहिलं.

घरी साखरबाईंनी मॉनिटरला प्रदक्षिणा घातली, "दिसतंय बरं" म्हणाल्या आणि आपल्या टीव्हीपुढं जाऊन बसल्या. सायलीनं आतल्या खोलीत वायरी जोडल्या. दिवस मावळायच्या आत पहिली शर्यत लागली.

आणि हौसरावांना आयुष्यात पहिल्यांदा पडद्याचा वरचा भाग दिसला. धुकं नव्हतं. रस्त्याकडेची झाडं होती, डोंगर होता, आणि सायलीची लाल मोटार होती. केवढी पुढं होती ती! हौसराव अजून वळणावर धडपडत होते, तर ती शेवटच्या पांढऱ्या पट्ट्याशी पोचलीसुद्धा. पट्टा हाताच्या अंतरावर राहिला आणि लाल मोटार हळू झाली. मग थांबली. उभीच राहिली.

म्हणजे आजवर आठवड्यातून तीनचारदा आपण सुनेला हरवत होतो, ते असं!

ज्याला उभ्या बाजारात कुणी फसवलं नव्हतं, त्याला ह्या पोरीनं घरात बसवून तीन महिने फसवलं होतं. हौसरावांची निळी मोटार पट्ट्याशी आली. त्यांनी ब्रेक दाबला. दोन्ही मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

"मामा, जावा की पुढं."

"तू का थांबलीस?"

"अडकली गाडी."

"सायली," हौसराव म्हणाले, "दौंडात मी समद्यांपुढं खरं बोललो. आता तू बोल."

सायली पदरात हसली. मग हसू थांबलं आणि ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "तुम्ही सारखं हरला असता, तर दुसऱ्या दिशी खेळाय आला नसता. मला वाटायचं तसं. सासरी बोलायला दुसरं कोन हाय मला?"

हौसरावांनी रिमोट दोन्ही हातांत नीट धरला.

"हरलो तरी यीन की गं," ते म्हणाले. "जा. हान गाडी."

"बघा हं, परत म्हनाल."

"हान म्हनतो न्हवं!"

लाल मोटार सुसाट सुटली. त्या संध्याकाळी हौसराव प्रत्येक शर्यत हरले, आणि प्रत्येक वेळी "आनिक एक" असं तेच म्हणाले.