पोकळ वाजणारी फरशी

आमची ही पहिल्यांदा पडली ती स्वयंपाकघरात, ओट्यापासून दोन हातांवर, सकाळी साडेदहाच्या सुमारास. तिला उठवून खुर्चीत बसवलं आणि मी आधी पाणसळ काढली. फरशीवर ठेवली, बुडबुडा बरोबर मधोमध. असणारच, फरशी मीच बसवली होती. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत हेच केलं. लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. आमच्याकडे अंगण करणारा मीच, त्यामुळे तेवढीही सोय नव्हती.

हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कशा पडल्या?"

हिनं तोंड उघडलं, तोवर मी सांगून मोकळा. "पाय घसरला."

खरं तर ती पडली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होतो. पण हिच्या वतीनं बोलायची मला लग्नापासूनची खोड. ही बोलायला लागली की आधी हवापाणी, मग शेजारीण, मग मुद्दा. आणि आमच्या मागे ही लांब रांग. बाईंनी लिहिलं, 'पाय घसरून पडणे', आणि कागद हाडांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी मनगट दाबून बघितलं, फोटो काढला. म्हणाले, "हाड शाबूत आहे. रबरी तळाच्या चपला घाला."

चपला घेतल्या. त्या घालूनच ती पंधरा दिवसांनी दारापाशी पडली.

खिडकीतल्या बाईंनी जुनाच कागद काढून खाली 'पुन्हा' एवढंच लिहिलं. मी म्हटलं, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांना दाखवा, छातीच्या, डोक्याच्या. बाई म्हणाल्या, "कागद हाडांचा आहे. हाडांचे डॉक्टर लिहून देतील तर पाठवू." हाडांचे डॉक्टर म्हणाले, "हाडात काहीच नाही, तर मी काय लिहून देऊ? महिन्यानं या." मी आवाज चढवला तेव्हा पहारेकऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात हलवत घरी आलो. घरी येताना ही माझा दंड धरून चालत होती आणि तिची बोटं गार पडली होती. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली.

आमच्या धंद्यात फरशी बसली की लाकडी हातोडीनं ठोकून बघतात. खाली सिमेंटचा माल भरलेला असेल तर टक् वाजतं. पोकळी राहिली असेल तर ढब. पोकळ फरशी आज ना उद्या फुटते, तिला उचलावीच लागते. मी दारापाशी ठोकून बघितलं. जिथं ती पडली होती, बरोबर तीच फरशी ढब वाजली. सापडला चोर, म्हटलं. छिन्नी घालून उचलली.

खाली माल गच्च भरलेला. नखाएवढी फट नाही.

तशीच परत बसवली. आठवड्यानं कपाटापाशी एक फरशी पोकळ वाजली. ही माझ्या मागे उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी खडूनं फुली मारली आणि बजावलं, इथं पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलीवरच ती पडली. कपाळाला चार टाके. कागदावर दुसऱ्यांदा 'पुन्हा'.

मग मी रोजच ठोकायला लागलो. मी गुडघ्यांवर, आणि ही मागे उभी, मुकादम असल्यासारखी. रोज एक तरी फरशी पोकळ निघायची, आज एक तर उद्या दुसरीच. मी फुली मारायचो. फुल्या दारापासून कपाटापर्यंत आल्या, कपाटापासून पलंगापर्यंत. ही त्यांच्यामधून लंगडी खेळल्यासारखी वाट काढायची, आणि हसायची नाही. एरवी माझ्या कुठल्याही वेडेपणाला हसणारी बाई.

"अहो, ऐका ना," ती एकदा म्हणाली, "पडायच्या आधी मला..."

"बोलू नकोस," मी म्हटलं. "आवाज ऐकू दे."

महिना भरला. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा तोच लांब बोळ. हिला बाकावर बसवलं. नंबर यायला वेळ होता. सवयीनं वाकून मी बोटाच्या पेरानं तिच्या पायांखालची फरशी वाजवली. ढब.

ही फरशी मी बसवलेली नव्हती. हिला उठवलं, समोरच्या बाकावर नेऊन बसवलं. तिथं वाजवलं. ढब. मागे वळून पहिल्या जागी वाजवलं. टक्, चांगली भरीव. बोळातली माणसं बघत होती. पहारेकरी म्हणाला, "काका, काही हरवलंय का?"

मी तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो. घरी इतके दिवस ठोकत होतो, पण ही मागे नसताना एकदाही ठोकलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोकळी फरशीखाली नव्हतीच कधी.

मी हिच्या छातीला कान लावला. भर बोळात, चार माणसांसमोर. आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"अहो, लोक बघतायत," ती पुटपुटली.

टक्. टक्. टक्. आणि मग काहीच नाही. मी मोजायला लागलो. तीन, चार, पाच. तिचं डोकं माझ्या डोक्यावर कलंडलं. सहा, सात. बोळातला एकही आवाज मला ऐकू येत नव्हता, आणि मी कान काढला नाही. आठ, नऊ. टक्.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. एक तरुण डॉक्टरीणबाई धावत आल्या. हिला खाली आडवं केलं. हिनं डोळे उघडले तेव्हा त्यांच्या हातात आमचा कागद होता.

"घसरल्या का?" त्यांनी मला विचारलं.

माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. म्हटलं, "तिला विचारा."

ही छताकडे बघत म्हणाली, "आधी सगळं गप्प होतं बाई. पंखा, घड्याळ, ह्यांचा आवाज. मग मी पडते. घसरत नाही मी. एकदाही नाही घसरले."

"हे आधी कुणालाच नाही सांगितलंत?"

"माझं सगळं हेच सांगायचे," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

कागद तिथल्या तिथं बदलला. छातीला तारा लावल्या, आणि तासाभरातच पडद्यावरची वरखाली होणारी रेघ सरळ झाली. मी बसवलेल्या कुठल्याही फरशीपेक्षा सरळ. सगळे एकदम धावले. दोन दिवसांत हिच्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. हृदय थबकलं की ते आतून टकोरा देतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं.

घरी आल्यावर मी आधी खडूच्या फुल्या पुसल्या. मग हातोडी घेऊन ठोकायला बसलो, ही मागे उभी असताना. टक्, टक्, टक्. सगळं घर भरीव.

"बास करा ना ते," ती म्हणाली. "मला सहन होत नाही तो आवाज."

"का?"

ती पलंगाच्या काठावर बसली. मी हातोडी खाली ठेवली. तिनं आधी हवापाणी सांगितलं, मग शेजारणीचं. मी मध्ये बोललो नाही.

"सगळं गप्प झालं ना," ती शेवटी म्हणाली, "की फरशीच्या खालून कुणीतरी ठोकायचं. हळू, तुमच्यासारखंच. आत कोणी आहे का, असं विचारल्यासारखं. मला वाटायचं तुम्हीच. म्हणून मी 'आले हं' म्हणून निघायचे. दर वेळी थोडी आणखी लांब जायचे."

"आणि त्या दिवशी? बोळात?"

"तेव्हाही ठोकलं. मी 'आले' म्हणणारच होते. पण तुमचा कान माझ्या छातीवर होता, कल्ले टोचत होते. म्हटलं, हे तर इथं वर आहेत. मग खाली कोण?" तिनं पाय उचलून पलंगावर घेतले. "म्हणून नाही गेले."

हातोडी मी त्याच दिवशी देऊन टाकली.