नऊ मिनिटांचा उशीर

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला, पिवळट पडलेला जुना संगणक तो मीच. नवा होतो तेव्हा बटण दाबायचा अवकाश, की कामाला हजर! "घोड्यासारखा पळतो," असे घरातला मुलगा पाहुण्यांना कौतुकाने सांगे. पुढे त्याला ऑफिसातून लॅपटॉप मिळाला आणि मी त्याच्या वडिलांच्या वाट्याला आलो.

बाबांची उभी हयात कापडगिरणीत गेली होती. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान निकामी केले होते. त्यांची थोरली बहीण, आक्का, दूरच्या शहरात मुलाकडे राहायची. दर रविवारी बहीणभाऊ माझ्या पडद्यावर भेटत. बाबा तिच्या ओठांवरून शब्द ओळखत.

माझे मात्र एक चुकत होते. जो नवा प्रोग्राम येई तो म्हणे, "तू उठलास की मलाही उठव." मी कुणालाच नाही म्हटले नाही. भंगारात गेलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम, एकदाच खेळलेला खेळ, गाणी वाजवणारे दोघे, शिवाय सतत नवी आवृत्ती शोधणारे पाचसहा जण. मी सुरू झालो की सगळे एकदम दारात! बाबा बटण दाबून आंघोळीला जात. "तूही थकलास रे माझ्यासारखा," म्हणत. ते मला खरेच वाटे.

मग आक्काच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले. नजर वाचेलच याची डॉक्टरांना खात्री नव्हती. "आत जाण्याआधी एकदा तुला डोळे भरून बघू दे," ती म्हणाली होती. दुपारची वेळ ठरली. पण सकाळीच बाबांच्या साध्या मोबाइलवर भाच्याचा लेखी निरोप आला : 'मामा, आईला आत्ताच नेताहेत. लगेच समोर या. पाचच मिनिटं आहेत.'

मुलगा आणि सून कामावर गेले होते. बाबांनी धावत येऊन माझे बटण दाबले. आत सगळ्यांची रेटारेटी सुरू झाली. "चल रे, चल लवकर," बाबा टेबलावर बोटे आपटत होते. मी जिवाचे रान केले, तरी नऊ मिनिटे लागली. पडद्यावर भाचा एकटाच उभा होता.

"मामा," तो सावकाश म्हणाला, "दारापर्यंत फोन हातात धरून होती हो."

आक्काची नजर वाचली नाही.

त्याच संध्याकाळी सुनेने माझ्याबरोबर उठणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडली. "अगं बाई, केवढा हा गोतावळा!" एकेकाला विचारत तिने चौदा जणांना बंद केले. व्हायरसवर पहारा देणारा आणि आवाजाचा, एवढे दोघेच ठेवले. मला पुन्हा सुरू केले. दीड मिनिट लागले.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. "एवढंच होतं?"

"एवढंच होतं, बाबा." ती त्यांच्याकडे बघत म्हणाली आणि मग तिने मान खाली घातली.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा मंद संगणक असेल, तर त्याला म्हातारा ठरवण्याआधी ती यादी एकदा उघडून बघा. लागेल ते ठेवा, बाकीच्यांना झोपू द्या. आम्हाला स्वतःहून नाही म्हणता येत नाही.

परवाच्या रविवारी मी वेळेत सुरू झालो. आक्का भलतीकडेच तोंड करून बसली होती. "आज कुठला सदरा घातलायस रे?" तिने विचारले.

बाबांनी तिचे ओठ वाचले. "निळा," ते मोठ्याने म्हणाले, आणि कॉलर नीट केली.