माझ्या पाठीवरचे टाके

मी एक जुनी चित्रवही आहे. वही म्हणजे नुसते कागद, असे तुम्हांला वाटत असेल तर आधी माझी पाठ बघा. तिथे जाड काळ्या दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके आहेत. ते कारखान्यातले नाहीत. मित्रांनो, त्या टाक्यांचीच ही गोष्ट.

कारखान्यात मला फार नीट घडवले. मोठे पांढरे कागद मधोमध दुमडले, एकात एक बसवले आणि घडीवर शिवले. म्हणजे माझे पहिले पान आणि शेवटचे पान हा एकच कागद. दुसरे आणि शेवटून दुसरे, हाही एकच. एवढे लक्षात ठेवा. आजोबांना ते ठाऊक नव्हते, म्हणून तर पुढचे सगळे रामायण घडले.

आजोबा म्हणजे माझे मालक. ते शिंपी. जन्मभर लोकांचे कोट शिवले, आणि मग एका आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरू लागला. हाताचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज चित्र काढा, बोटे मोकळी होतील. आजोबांनी नाक मुरडले. पण त्यांची नात हट्टाला पेटली. तिला ते लाडाने गुंडी म्हणत. तिने मला विकत आणले, आणि कोरी करकरीत वही आजोबांना परकी वाटेल म्हणून माझे रूपच पालटून टाकले. कोटाच्या उरलेल्या राखाडी कापडाचे वेष्टन, आतून अस्तराचा खिसा, बंद करायला एक मोठे बटण. काय सांगू, मी नुसती मिरवत होते! पुढून आजोबांनी काढायचे, मागून गुंडीने, असे दोघांचे ठरले.

शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर गुंडीने वस्तुचित्रासाठी वस्तू मांडल्या. जुनी लोखंडी इस्त्री, रिकामे रीळ आणि एक लिंबू. आजोबा आधी रद्दी कागदावर रेघा ओढून हात मोकळा करत. तेवढ्या वेळात गुंडी मागच्या पानावर आपले चित्र काढून घेई. मग मी आजोबांपुढे जाई.

पण आजोबांची इस्त्री होडीसारखी झाली. त्यांनी ते पान टरकन फाडले, बोळा केला आणि मशीनखाली भिरकावला. दुसऱ्या दिवशी रीळ कलंडले, तेही पान गेले. पुढचे पान फाटले की मागे गुंडीचे चित्र शिवणीतून सुटे. ते फक्त तिलाच दिसे. ती मुकाट्याने सुटे पान आत सारी, बोळे उचलून माझ्या खिशात ठेवी आणि माझे बटण लावी. लिंबू सुकत चालले होते, आणि आजोबांचा धीरही.

शेवटी त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला निरोप धाडला, की रविवारी येऊन मशीन घेऊन जा. सुनेने, म्हणजे गुंडीच्या आईने, परोपरीने समजावले, पण ते ऐकतील तर शपथ. मशीन गेले की आजोबा पुन्हा हात हलवणार नाहीत, हे घरात सगळ्यांना कळत होते. मलाही कळत होते.

रविवार उजाडला. आजोबा सकाळीच बसले. इस्त्री जमली. रीळ जमले. लिंबाशी आले आणि हात असा निसटला की पानभर आडवी रेघ गेली. त्यांनी पान मुठीत धरले. नका हो, नका, असे मी जीव तोडून ओरडले, पण वहीचे कोण ऐकतो? त्या हिसक्याने पान फाटले, मी टेबलावरून खाली पडले आणि गुंडीची सुटलेली पाने त्यांच्या पायाशी पसरली.

ती कोणी फाडली, असे आजोबांनी दरडावून विचारले.

"तुम्हीच, आजोबा," गुंडी खाली बघत म्हणाली. "तुमचं पान आणि माझं पान एकच कागद आहे."

आजोबा वाकले. एकेक पान उचलू लागले. प्रत्येकावर इस्त्री होती, रीळ होते, लिंबू होते, आणि त्यांच्यामागे आजोबांचा हात. पहिल्या चित्रात पेन्सिल मुठीत आवळलेली. पुढच्यात मूठ जरा सैल. आजच्या चित्रात ती तीन बोटांत धरलेली, पूर्वी कापडावर खडूने खुणा करताना ते धरत तशी. आजोबा चित्राकडे बघत, मग हाताकडे, मग पुन्हा चित्राकडे. रागाच्या भरात आपला हात त्यांनी इतक्या दिवसांत धड बघितलाच नव्हता.

इतक्यात दार वाजले. तो शिंपी हातगाडी घेऊन आला होता. त्याला काय सांगायचे, म्हणून सून आजोबांकडे बघत उभी राहिली.

आजोबांनी सुई आणि कोटाचा दोरा मागितला. गुंडी ओवू लागली तर म्हणाले, "नको. मीच ओवतो."

दोरा हुकला. पुन्हा हुकला. शिंपी दारात खोळंबला होता, सुनेने पदर घट्ट धरला होता. दोरा सुईच्या नेढ्याला लागून वाकला. आजोबांनी तो ओठांत ओला केला, मनगट टेबलावर टेकवले आणि श्वास रोखला. दोरा आत गेला.

मान वर न करता ते शिंप्याला म्हणाले, "मशीन आज मिळायचं नाही. हातात काम आहे."

मग खिशातले बोळे बाहेर निघाले. सुनेने वस्तुचित्रातली तीच इस्त्री उचलून तापवली आणि पाने सरळ केली. आजोबांनी अस्तराची पट्टी लावून आपले होडीवाले पान आणि बाकीची पाने गुंडीच्या पानांना पुन्हा जोडली, आणि मला पाठीवर शिवले. दुखले फार, पण मी हूं की चूं केले नाही. असले टाके पूर्वी त्यांनी तिथल्या तिथे उसवले असते. या वेळी राहू दिले.

मित्रांनो, चित्र बिघडले तर खुशाल पान उलटा, पण फाडू नका. त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी पान शिवलेले असते. खोटे वाटत असेल तर या, माझ्या पाठीवरून बोट फिरवून बघा. फक्त आलात की जरा मोठ्याने बोला, मशीनच्या आवाजात मला ऐकू येत नाही.