आमसुलांच्या डब्यातली पट्टी

मी गोळ्यांची पट्टी बोलतेय. दहा गोळ्यांची. अंगावर नाव छापलंय एसिटालोप्रॅम, पण मालवणातल्या या घरात ते कुणी उच्चारत नाही. इथे मी 'ती गोळी'. तेही आवाज खाली आणून.

मला राग येतो तो इथूनच. घरधनी धोंडू, त्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या खिडकीत, कॅलेंडरखाली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. "माका प्रेशर आसा," असं तो पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. आणि मी? आमसुलांच्या डब्यात, वर उलटी वाटी. का, तर म्हणे लोक सुभद्रेला वेडी ठरवतील.

सुभद्रा त्याची बायको, मासळी बाजारात बसणारी. बांगड्याला गिऱ्हाइकानं बोट लावून दाबलं की ती अशी फटकारायची की माणूस निमूट मासे घेऊन जायचा. तीच सुभद्रा पावसाळ्यानंतर गप्प झाली. पाटीवर माशा बसल्या तरी हात हलेना. जेवण जाईना, झोप लागेना. असं होण्यासारखं घरात काही घडलं नव्हतं, आणि कारण सापडत नाही म्हणून तीच स्वतःला दोष देत बसली.

दोन महिने सगळ्यांनी तिला फक्त उपदेश केला. मन रमव, फिरून ये, विचार करू नको. पाय मोडलेल्या माणसाला चाल म्हणाल का हो?

शेवटी धोंडू तिला इस्पितळात घेऊन गेला. तिथे महिन्यातून एकदा मनाच्या डॉक्टरबाई येतात. त्यांनी आम्हा चार पट्ट्यांना सुभद्रेच्या हाती दिलं आणि शांतपणे सगळं समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, त्यातला एक निरोप्या म्हणजे सेरोटोनिन. निरोप देऊन होतो न होतो तोच पेशी त्याला परत ओढून घेते. ते ओढणं मी अडवते, म्हणजे तो जास्त वेळ कामावर राहतो. त्यानं मन नेमकं कसं सावरतं ते अजून पुरतं कुणालाच उमगलेलं नाही, हेही बाईंनी लपवलं नाही. रोज नाश्त्यानंतर एक. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही. आधी मळमळेल, झोप बिघडेल. अंगदुखीचीसुद्धा दुसरी गोळी विचारल्याशिवाय नको, दारू नको. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर त्याच दिवशी इस्पितळात या. आणि स्वतःच्या मनानं बंद करू नका. धोंडूनं दर वाक्याला मान हलवली.

मान हलवणं आणि ऐकणं यात किती अंतर असतं ते मी डब्यात बसून शिकले. चौथ्या दिवशी तिला मळमळलं तर गोळी बाधली म्हणाला. आठव्या दिवशी फरक नाही म्हणून कुरकुरला. तापाच्या गोळीसारखी मी तासाभरात गुण देणारी नव्हे, हे त्याला किती जणांनी सांगायचं?

तरी सुभद्रा घेत राहिली. माझ्या तिघी बहिणी संपल्या, माझ्यातल्या तीन गेल्या, आणि एका सकाळी तिनं पेजेबरोबर सुका बांगडा मागून खाल्ला. त्या घासाचा मला जो आनंद झाला तो काय सांगू!

आनंद धोंडूलाही झाला. तो थेट गावच्या देवळात कौल लावायला गेला. इथे अडलेलं काही असलं की देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगाला फुलांचे भिजवलेले कळे लावतो, उजवीकडचा पडला की होकार. उजवा पडला. धोंडू घरी येऊन म्हणाला, "देवान उजवो दिल्यान. तू बरी झालस. आता गोळये कित्याक?" आणि वाटी माझ्यावर उलटी पडली ती पडलीच. माझ्यात सात गोळ्या शिल्लक होत्या.

तिसऱ्या दिवशी सुभद्रेला गरगरू लागलं. डोक्यात विजेसारखे झटके, उगाच रडू, उगाच चिडचिड. मी एकदम सुटले की असं होतं, म्हणून तर मला हळूहळू कमी करायचं असतं. पण धोंडूनं निदान केलं, तिला गोळ्यांचं व्यसन लागलं. नऊ दिवस गेले. ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली, आणि मी हाताच्या अंतरावर डब्यात. असा संताप मला आयुष्यात आला नाही.

दहाव्या दिवशी तो मला खिशात घालून पुन्हा देवळात गेला. गोळ्यांची बाधा उतरू दे, असा कौल त्याला हवा होता. लवू गुरवानं मला उलटीपालटी करून पाहिलं.

"मागच्या खेपेक देवाक काय इचारलंस?"

"सुभद्रा बरी झाली काय, म्हणान."

"गोळये बंद करू काय, ह्यां इचारलंस?"

"नाय."

"मगे ह्यां देवाक नको. डाक्टरणीक इचार."

कळे ताटातच राहिले. बाईंची इथे यायची वेळ नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं जिल्ह्याच्या इस्पितळात त्यांच्याकडे गेली. बाईंनी मला पुन्हा सुरू केलं आणि बजावलं, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यायची, बंद कधी आणि कशी करायची ते त्याच सांगतील.

आता मी खिडकीत आहे, त्या प्रेशरच्या गोळ्यांशेजारी. आज माझी एकच गोळी उरलीय, नवी पट्टी मागे तयार आहे. सुभद्रा अजून पुरती सावरलेली नाही, वेळ लागेल. तुमच्या घरात माझी कुणी बहीण डब्यात दडली असेल तर तिला बाहेर काढा, आणि प्रश्न ज्याला विचारायचा त्यालाच विचारा.

मघाशी धोंडूनं तिसऱ्यांदा विचारलं, गोळी घेतलीस का? पाटी उचलता उचलता ती त्याच्यावर खेकसली, "घेतलंय रे! कितके येळा इचारतलस?"

कित्येक महिन्यांनी ती कुणावर तरी खेकसली. धोंडू तिच्याकडे बघत राहिला, मग तोंड फिरवून त्यानं डोळे पुसले.