दहावा सूचक

दुपारी बारा वाजता रणधीर वकिलांनी हरकत घेतली आणि माझी पाचावर धारण बसली.

धाराशिवच्या कलेक्टर कचेरीत उमेदवारी अर्जांची छाननी चालू होती. माझी पुतणी शिवांजली लोकसभेला अपक्ष उभी होती. ती वकील, पण वेगळ्या वाटेची. मोबाइल, आधार, रेशनचं मशीन असल्या गोष्टींचे खटले ती लढायची. गावाकडं तिला मशीनवाली वकीलबाई म्हणत. एकेका माणसाचा खटला लढून जन्म सरेल, कायदा दिल्लीत होतो, तिथंच जायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्यापायी पुण्यातली चालती वकिली सोडून आली होती.

अपक्षाला दहा सूचक लागतात. म्हणजे 'ही बाई उभी राहावी' म्हणून अर्जावर सही करणारे मतदारसंघातले दहा मतदार. एक जरी खोटा निघाला तर अर्ज बाद. त्या दहा सह्या गोळा करायचं काम माझ्याकडं होतं. मी हिंमतराव, तहसीलमध्ये तीस वर्षं कारकुनी केलेला. कागद म्हटलं की घरात माझ्याच नावानं हाक यायची, आणि मला ते आवडायचं. अर्जाचा दुसरा संच भरून ठेवू म्हणाली होती शिवांजली. मीच म्हणालो, "कशाला? मी हाय ना."

रणधीर वकील समोरच्या पक्षाचे. आवाज न चढवता त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, दहाव्या सूचक नागूबाई, तालुका लोहारा. अर्जावर त्यांची सही आहे. आणि हे त्याच नागूबाईंचं हायकोर्टातलं प्रतिज्ञापत्र. 'मी निरक्षर असून मला सही करता येत नाही.' खाली अंगठा. हे लिहिलं कुणी? उमेदवार बाईंनीच."

कुणीतरी फिसकन हसलं. प्रतिज्ञापत्र खरंच शिवांजलीनं लिहिलेलं. नागूबाई मेंढरं राखणाऱ्या घरातली. जन्मभर लोकर कातून तिची बोटं गुळगुळीत झालेली, रेशनच्या मशीनला तिचा अंगठा ओळखूच यायचा नाही. आठ महिने धान्य मिळालं नाही, तेव्हा शिवांजलीनं तिच्या वतीनं खटला घातला. तीन वर्षं लढली आणि जिंकली.

"तीन वाजेपर्यंत बाईंना हजर करा," निवडणूक अधिकारी म्हणाले. "माझ्यासमोर सही करू द्या. मग ठरवू."

शिवांजली माझ्याकडं वळली. "काका, सही तुमच्यासमोरच केली ना त्यांनी?"

"व्हय," मी म्हणालो.

साफ खोटं. मी अर्ज नागूबाईच्या वस्तीवर ठेवून आलो होतो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन उचलला होता. सही दिसली, घडी घातली, पिशवीत टाकला. अंगठाबहाद्दर बाईला रातोरात सही कुठून आली, हा प्रश्न पडला नव्हता असं नाही. पडला होता, पण मी तिकडं काणाडोळा केला.

फोनाफोनी झाली. लोहाऱ्याहून जीप पोचायला सव्वादोन वाजले. नागूबाई उतरली, मागून तिची सून करिश्मा. शिवांजली आत साहेबांपुढं होती, म्हणून मी दोघींना आधी कडुलिंबाच्या सावलीत नेलं.

"सही कुणी केली?"

"म्या," करिश्मा रडवेली होऊन म्हणाली. "आत्याबाईंनीच सांगितलं."

"तुमीच म्हनलात की सही लागती," नागूबाई म्हणाली. "माझा अंगठा कुठंच चालत न्हाय, हिंमतराव. मशीन घेत न्हाय. पोरीचा कागद माझ्यापायी माघारी याया नगं, म्हून हिला म्हनलं, तू कर."

मी घड्याळात बघितलं. हातात अजून अर्धा तास होता, आणि कारकुनाचं डोकं अशा वेळी फार पळतं. प्रचाराच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मी करिश्माकडून तशीच सही काढून घेतली आणि पेन म्हातारीच्या हातात दिलं. तिनं ते मुठीत धरलं. पहिल्यांदा कागद फाटला. चौथ्यांदा 'ना' उमटला. आठव्या खेपेला सगळं नाव जमलं, वाकडंतिकडं पण जमलं. खरं सांगतो, मला लाज वाटली नाही. आनंद झाला.

"साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, ती सही माझीच."

"खोटं बोलायचं?"

"एकदाच, आक्का."

तेवढ्यात शिवांजली बाहेर आली. पत्रक बघितलं, म्हातारीची शाईनं माखलेली बोटं बघितली, आणि मग माझ्याकडं बघितलं. विचारायची गरजच उरली नाही.

"जुळतंय," मी घाईनं म्हणालो. "बघ तरी. आतल्या कुणाला काय कळतंय?"

"काका, उद्या हे कोर्टात गेलं तर पिंजऱ्यात करिश्मा उभी राहील. खोट्या सहीसाठी."

"कोण जातंय कोर्टात!"

"त्यांच्या जागी मी गेले असते," ती म्हणाली.

तरी तिचा पाय निघेना. पत्रकावरची ती आठवी सही ती परत परत बघत होती. तिला दिल्लीला जायचं होतं. किती जायचं होतं, ते मला ठाऊक होतं. म्हातारीनं आत जाऊन चार अक्षरं काढली की झालं. रणधीर वकील तरी काय करणार होते? मला वाटलं, पोरगी गप्प बसेल. बसावी, असं मनापासून वाटत होतं.

तीनला दहा मिनिटं कमी असताना शिपायानं हाक मारली.

अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. नागूबाई खुर्चीच्या कडेवर टेकली. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. 'ना' झाला. 'गू' झाला. रणधीर वकील पुढं वाकले. शिवांजली भिंतीशी उभी, ओठ घट्ट मिटलेले. म्हातारी 'बा'चा काना ओढत होती, तेव्हा शिवांजली दोन पावलं पुढं आली आणि तिनं कागदावर हात ठेवला.

"थांबा, आजी. साहेब, अर्जावरची सही यांची नाही. हरकत मला मान्य आहे."

"मग कुणाची?"

"अर्ज माझा आहे. जबाबदारी माझी."

अधिकारी लिहायला लागले. अर्ज नामंजूर. रणधीर वकिलांनी आपले कागद गोळा केले. ते हसले नाहीत, तेही मला सोसवलं नाही.

नागूबाईच्या हातात पेन तसंच होतं. नामंजूर एवढं तिला कळलं होतं. "साहेब," ती म्हणाली, "सही ऱ्हाऊ द्या. माझा अंगठा घ्या की मग. चालत न्हाय म्हनत्यात, पर एकडाव बघा."

"अंगठा चालतो, आजी," अधिकारी हळू आवाजात म्हणाले. "इथं मशीन नाही. अर्ज भरताना येऊन माझ्यासमोर उठवला असता तर सहीइतकाच चालला असता. आता मुदत संपली."

"चालतो?"

तिनं शिवांजलीकडं बघितलं. शिवांजलीला मान वर करता आली नाही. त्या अंगठ्यावर ती हायकोर्टात तीन वर्षं बोलली होती, आणि एवढं एक वाक्य म्हातारीला सांगायचं राहून गेलं होतं. मग नागूबाई माझ्याकडं वळली.

"हिंमतराव, तुमी कचेरीतले. तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग वस्तीवर आलात तवा सांगितलं का न्हाय?"

तिला अंगठ्यासाठी आणायचं म्हणजे लोहाऱ्याहून सत्तर किलोमीटर येणं, तितकंच जाणं, साहेबांची वाट बघत व्हरांड्यात बसणं. म्हणून मी त्या दिवशी 'सही लागती' एवढंच बोललो होतो. आता शिवांजलीसुद्धा माझ्याकडं बघत होती.

"ऊन लई हुतं, आक्का," मी म्हणालो.